कॉलेजमध्ये कोणी लैंगिक त्रास देत असेल तर तक्रार कशी करायची: नाशिकमध्ये शिकणाऱ्या मुलींसाठी

सगळ्यात आधी मुदतीचं सांगते, कारण मुली विचारायला येतात तोवर बहुतेक वेळा तीच संपत आलेली असते. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे, म्हणजे आयसीसीकडे, लेखी तक्रार द्यायला ३ महिने मिळतात. घटना घडली त्या तारखेपासून ३ महिने, आणि प्रकार सारखा सारखा चालू असेल तर शेवटचं जे घडलं तिथून ३ महिने. उशीर का झाला ते कारण समितीला पटलं तर आणखी ३ महिने वाढवून देता येतात, पण ते त्यांच्या हातात. आणि "मॅडमच्या कानावर घातलंय, त्या बोलते म्हणाल्यात" याला तक्रार दिली असं म्हणत नाहीत. मॅडम चांगल्या असतात, खरंच बोलतातही, पण कागद नसतो आणि मग सबमिशन येतं, ओरल येते, परीक्षा येते आणि सेमिस्टर निघून जातं.

मी पीजी करताना अशा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होते आणि नंतरही मुलींसोबत अर्ज लिहायला, चौकशीला जाणं चालूच राहिलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. आपल्याकडे दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, निफाडकडून शिकायला आलेल्या मुली खूप आहेत, कोणी हॉस्टेलला, कोणी गंगापूर रोडला रूम करून, कोणी रोज एसटीने जाऊन येऊन. त्यांच्या डोक्यात तर पहिला प्रश्न हाच असतो की घरी कळलं तर शिक्षण बंद करतील. त्यावर खाली लिहिलंय.

आधी हे की "हे त्रासात बसतं का". अंगाला हात लावणं, शरीरसुख मागणं, अश्लील फोटो व्हिडिओ पाठवणं किंवा दाखवणं, शरीरावरून कपड्यांवरून अश्लील बोलणं, तुला नको असताना केलेलं लैंगिक अर्थाचं कुठलंही वागणं बोलणं खुणा, हे सगळं बसतं. त्यासोबत अजून एक प्रकार आहे जो कॉलेजात सगळ्यात जास्त चालतो आणि मुली त्याला नाव देत नाहीत, तो म्हणजे हातातल्या अधिकाराचा वापर. जर्नलवर सही हवी असेल तर कॉलेज सुटल्यावर ये, इंटर्नल माझ्या हातात आहेत लक्षात ठेव, माझ्यासोबत कॉन्फरन्सला चल मग तुझा पेपर पुढे सरकवतो. यात कोणी हात लावलेला नसतो तरी नियमात हे स्पष्ट लिहिलंय, फायद्याचं आमिष किंवा नुकसानीची धमकी, उघड असो की आडून. नियम म्हणजे यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, २०१५ चं विनियमन, २ मे २०१६ ला ते राजपत्रात आलं, आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक कॉलेजांसाठी एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, वेगळं २०१६ चं विनियमन आहे.

"कॅम्पसच्या बाहेर झालं" म्हणून हात वर करतात तेही चालत नाही. हॉस्टेल, कँटीन, पार्किंग, कॉलेजची बस तर आलंच, पण इंडस्ट्रियल व्हिजिट, सहल, एनएसएसचं शिबीर, स्पोर्ट्स, गॅदरिंग, इंटर्नशिप ही सगळी ठिकाणं यूजीसीच्या व्याख्येत आहेत. त्रास देणारा वर्गातला मुलगा असेल, शिक्षक, क्लार्क, शिपाई, किंवा बाहेरून आलेला पाहुणा, तरी तक्रार देता येते. आणि मुलग्यांना किंवा तृतीयपंथी विद्यार्थ्यांना असा त्रास झाला तर त्याकडेही कॉलेजने लक्ष द्यायचं आहे, त्याच विनियमनात तसं म्हटलंय, तेव्हा मित्रावर वेळ आली असेल तर त्यालाही सांग.

आता लगेच काय करायचं. चॅट डिलीट करू नकोस. किळस येते, फोनमध्ये ते नको वाटतं, मला कळतं, पण ठेव. समोरचा "डिलीट फॉर एव्हरीवन" करू शकतो म्हणून स्क्रीनशॉट आत्ताच काढ आणि त्यात नंबर किंवा प्रोफाइल, तारीख, वेळ दिसली पाहिजे, नुसतं सेव्ह केलेलं नाव असून भागत नाही. इन्स्टावर आपोआप गायब होणारे मेसेज असतील तर मैत्रिणीच्या फोनवरून तुझ्या स्क्रीनचा व्हिडिओ घे. सगळं स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेव. मूळ फोन विकू नको, रिसेट मारू नको, कारण प्रकरण कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असला की बरं पडतं.

मग वहीत लिहून काढ. कुठली तारीख, किती वाजता, कुठली लॅब, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दात, तू काय केलंस, जवळपास कोण होतं, नंतर तू कोणाला सांगितलंस. शब्द घाण असले तरी जसेच्या तसे लिही. त्या रात्री मैत्रिणीला "आज सरांनी असं केलं गं" असा मेसेज टाकला असशील तर तोही पुरावा आहे, त्यावर तारीख वेळ असते. आणि सीसीटीव्ही! फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, नवीन रेकॉर्डिंग त्याच्यावर चढतं. म्हणून तक्रार पूर्ण लिहून व्हायची वाट बघू नको, "अमुक तारखेचं अमुक मजल्यावरचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवावं" असं ४ ओळींचं पत्र त्याच दिवशी प्राचार्यांच्या नावे दे आणि पोच घे.

पुरावा नसेल तर? तरी तक्रार दे. बंद केबिनमध्ये साक्षीदार कुठून येणार. तुझं स्वतःचं म्हणणं हाच पहिला पुरावा आहे आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही हे नियमातच लिहिलंय. खोट्या तक्रारीची शिक्षा जाणूनबुजून खोटं केलं असं चौकशीत दिसलं तरच. ही भीती मुलींना मुद्दाम घालतात.

आता घरचं. मी "घरी सांगूनच टाक" असं सरसकट सांगणार नाही कारण ज्या घरात मुलीला बारावीनंतर नाशिकला पाठवायलाच भांडणं झाली, तिथे खरंच सामान बांधायला लावतात आणि पुढच्या महिन्यात स्थळं बघायला सुरुवात होते, हे होताना मी पाहिलंय. तू १८ पूर्ण असशील तर तक्रार द्यायला आईवडिलांची सही लागत नाही, आणि समितीने तुझं नाव कुठे फोडायचं नाही हे बंधन आहे. "पालकांना बोलवून घे मग बघू" असं कोणी म्हणालं तर अर्जातच लिही की माझ्या संमतीशिवाय घरी कळवू नये. पण एकटीने सगळं पेलणं फार जड जातं म्हणून घरातलं एक माणूस शोध, मोठी बहीण, मामी, आत्या, शिकलेला चुलतभाऊ, जो ऐकून आधी तुझ्यावर ओरडणार नाही असा. त्यांना प्रसंग सांगताना सोबत हेही सांग की मी काय करतेय, तक्रार दिलीये, तारीख अमुक, मैत्रीण सोबत आहे, कॉलेज सोडायचं नाहीये. मुलगी नुसती रडत असली की घरचे घाबरतात आणि घाबरले की घरी घेऊन जातात. तिने पुढचं ठरवलेलं दिसलं तर बऱ्याच वेळा थांबतात.

आणि आईबाबा कोणी हे वाचत असाल तर हात जोडून सांगते, मुलीचं कॉलेज बंद करू नका. ज्याने केलं तो त्याच वर्गात शिकवत राहतो आणि तुमची मुलगी घरी बसते, असं होऊ देऊ नका. तिला विचारा तुला काय हवंय, आणि प्राचार्यांकडे जायचं असेल तर तिच्यासोबत जा, तिला घरी ठेवून परस्पर जाऊ नका.

समिती शोधायची कशी ते बघू. प्रत्येक कॉलेजात ती असलीच पाहिजे आणि सदस्यांची नावं, फोन दर्शनी जागी लावलेले पाहिजेत. वेबसाइटवर बघ, प्रॉस्पेक्टसमध्ये बघ, नोटीस बोर्डावर बघ. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालावरून बऱ्याच ठिकाणी अजून "विशाखा समिती" म्हणतात, कुठे "महिला तक्रार निवारण", म्हणून नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नको. यादी मिळाली की नीट वाच. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी, २ शिक्षक, २ शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर ३ विद्यार्थी प्रतिनिधी. निम्म्या तरी बायका पाहिजेत. कुलगुरू, कुलसचिव, डीन, एचओडी असे वरच्या प्रशासकीय पदावरचे लोक समितीत बसू शकत नाहीत. हे मुद्दाम सांगतेय कारण यादीत एचओडींचं नाव दिसतं आणि तक्रार त्यांच्याच डिपार्टमेंटची असते. असं असेल तर तक्रारीतच आक्षेप लिहून टाक, नंतर तोंडी बोलून उपयोग नाही. समितीच नसेल तर प्राचार्यांना लेखी विचार की सदस्यांची नावं द्या, आणि त्याची एक प्रत विद्यापीठाला पाठव. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र नाशिकमध्येच आहे, मेडिकल नर्सिंग वगैरे असेल तर आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला, मुक्त विद्यापीठाची असशील तर ते गोवर्धनला, तेव्हा जाऊन हातात देता येतं.

तक्रार लिहायची म्हणजे निबंध लिहायचा नाही. बहुतेक मुली आधी असं लिहून आणतात: "सर मला खूप मानसिक त्रास देतात, त्यांची नजर वाईट आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही आणि समोरच्याला नाही म्हणायला सोपं जातं. त्याऐवजी असं:

"दि. अमुक रोजी दुपारी साधारण ४ वाजता मी जर्नलवर सही घेण्यासाठी लॅबमध्ये गेले असता सदर शिक्षक एकटेच होते. त्यांनी जर्नल हातात घेऊन माझा हात धरून ठेवला व 'एवढी घाई काय आहे, सगळे गेल्यावर ये, मार्कांचं मी बघतो' असे म्हणाले. मी हात सोडवून बाहेर आले. बाहेर माझी मैत्रीण उभी होती, तिला मी लगेच हा प्रकार सांगितला. त्याच रात्री ९ वाजून १० मिनिटांनी त्यांचा मेसेज आला, त्याची प्रत सोबत जोडली आहे."

बस. घटना २ असतील तर २ परिच्छेद, तारखेच्या क्रमाने. तारीख नक्की आठवत नसेल तर "गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात" असंही चालतं, खोटी तारीख टाकू नको कारण उलटतपासणीत तीच पकडतात. शेवटी साक्षीदारांची नावं, जोडलेल्या कागदांची यादी, आणि तुला लगेच काय हवंय ते.

अर्ज नेताना ऑफिसच्या खिडकीवर हे होतं. क्लार्क म्हणतो ठेव इथे, मॅडम आल्या की देतो. ठेवू नको. सोबत दुसरी प्रत ने आणि त्यावर शिक्का, तारीख, सही, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नको. बंद पाकिटावर "अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती, गोपनीय" असं लिही म्हणजे आवक-जावक करणाऱ्याला आतलं वाचायची गरज नाही, पोच पाकिटाची घे. देत नसतील तर वाद घालत बसू नको, सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्टने पाठव, पावती जपून ठेव आणि तेच पत्र ईमेलवरही टाक. काही ठिकाणी ६ प्रती मागतात, २०१३ च्या नियमात तसं आहे, म्हणून झेरॉक्स जास्तच काढून ठेव.

"तुला लगेच काय हवंय" हा भाग मुली सोडून देतात आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो, कारण चौकशी महिनोन्महिने चालेल आणि तोवर तुला रोज त्याच माणसासमोर बसायचंय. चौकशी चालू असताना तू हे मागू शकतेस: त्या शिक्षकाने माझे पेपर, ओरल, टर्म वर्क तपासू नये. पीएचडी करत असशील तर माझं मूल्यमापन त्यांच्याकडे नको. त्या मुलाची बॅच किंवा विभाग बदलावा, त्याला माझ्यापासून लांब राहायची ताकीद द्यावी, गरज असेल तर कॅम्पसबंदी करावी. आणि तुला कॉलेजात जाववतच नसेल तर ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते, तुझा दर्जा आणि हक्क शाबूत ठेवून, म्हणजे अटेंडन्स कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टला नाव लागलं तर तू हा कागद दाखवू शकतेस. फक्त न मागता कोणी देत नाही.

पुढे काय होतं तर समितीने ७ दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवायची, त्याने १० दिवसांत उत्तर द्यायचं, आणि सगळी चौकशी ९० दिवसांत संपवायची. तुला बोलावलं की जायचंच. वैध कारण न देता सलग ३ सुनावण्या चुकल्या तर समिती प्रकरण बंद करू शकते, आधी १५ दिवसांची नोटीस देऊन. तब्येत बरी नसेल तर लेखी कळव, व्हॉट्सॅपवर का होईना. वकील आत घेता येत नाही, दोघांनाही. त्याच्यासमोर बसून बोलायची भीती वाटत असेल तर वेगळं बसवा, त्याचे प्रश्न लेखी द्या, असं आधीच लिहून माग. "आठवत नाही" हे पूर्ण उत्तर आहे, अंदाजाने काही सांगू नको. आणि जबाबावर सही करायच्या आधी प्रत्येक पान वाच, तू बोललीस एक आणि लिहिलंय दुसरं असं असेल तर तिथेच दुरुस्त करून घे.

समोरच्यालाही पूर्ण संधी मिळतेय ना याकडे तू स्वतः लक्ष ठेव, विचित्र वाटेल पण यात तुझाच फायदा आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकावर विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या होत्या, समितीने चौकशी घाईघाईत उरकली, त्यांना बडतर्फ केलं, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं कारण बाजू मांडायची नीट संधी दिली नव्हती. १४ वर्षांनी परत समितीपुढे. त्या मुलींचा विचार कर. म्हणून समिती म्हणाली की त्याला अजून एक तारीख देतोय तर चिडू नको, फक्त ९० दिवस मोजत राहा.

या मधल्या काळात "मिटवून टाक" म्हणणारे येतील. संस्थेतले कोणी, गावाकडचे कोणी पुढारी, कधी आपल्याच मैत्रिणी. समेट नियमात आहे पण तो तू स्वतःहून मागितलास तरच, आणि पैसे घेऊन तर अजिबात करता येत नाही. "माफीनामा लिहून देतो, तू तक्रार मागे घे" असं कोणी केबिनमध्ये बोलवून म्हणालं तर तिथे हो नाही काहीच बोलू नको, "लेखी द्या, विचार करून सांगते" एवढंच म्हण आणि बाहेर ये. हे घडलं तेही समितीला कळव. आणि मैत्रिणींना सांग की स्टोरी टाकू नका, ग्रुपवर नावं फिरवू नका, तक्रारीतली माहिती उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि त्याचा फायदा समोरचाच घेतो.

पोलिसांकडे जायचं की कॉलेजकडे, असं निवडावं लागत नाही, दोन्ही एकत्र चालू शकतं आणि पोलिसात जायला मदत करणं हे समितीचं काम आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता लागते, लैंगिक छळासाठी कलम ७५, चोरून बघणं किंवा शूट करणं ७७, पाठलाग आणि सारखे मेसेज ७८, अश्लील शब्द खुणा ७९. तुझा जबाब महिला अधिकारीच लिहून घेणार, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. घटना इगतपुरीच्या ट्रिपमध्ये झाली आणि तू राहतेस पंचवटीत, तर शहर आणि ग्रामीण पोलीस एकमेकांकडे बोट दाखवतील, तेव्हा "झिरो एफआयआर घ्या" असं स्पष्ट म्हण, कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. ताबडतोब मदत हवी असेल तर ११२. फोटो व्हायरल करायची धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३० किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन ही वेबसाइट. त्याला पैसे देऊ नको, एकदा दिले की मागतच राहतो.

अकरावी बारावीची किंवा अजून १८ न झालेली मुलगी असेल तर सगळं बदलतं, तिथे पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकाने, रेक्टरने, प्राचार्यांनी सुद्धा. ज्युनिअर कॉलेज आणि सिनिअर कॉलेज एकाच आवारात असतं म्हणून हे लक्षात ठेवा.

सातपूर अंबडला कंपनीत इंटर्नशिपला असशील तर कॉलेजच्या समितीला तर सांगच, शिवाय १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीची स्वतःची समिती असते. त्याहून छोटी जागा असेल, किंवा मालकच त्रास देत असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे कर. वकील परवडत नाही हे कारण ठेवू नको, सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. फोनवर १५१००.

चौकशी संपली की १० दिवसांत अहवाल आणि त्याची प्रत तुलाही मिळाली पाहिजे, मागून घे. मग कॉलेजने ३० दिवसांत त्यावर कारवाई करायची. निकाल पटला नाही तर अपील करायला तुलाही ३० दिवसच आहेत, म्हणून अहवाल हातात आला त्या दिवशीच तारीख लिहून ठेव. त्यानंतरचं एक सेमिस्टर डोळ्यात तेल घालून बघ. अचानक इंटर्नल कमी पडले, प्रोजेक्ट ग्रुपमधून काढलं, हॉस्टेलची रूम बदलली, साक्ष दिलेल्या मैत्रिणीला टोमणे सुरू झाले, तर तक्रारीचा सूड घेणं हेही नियमात बंद आहे, समितीला पुन्हा लेखी दे, आधीच्या तक्रारीचा आवक क्रमांक वर टाकून.